गणित प्रदर्शनातला भोकाचा हिशेब

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

२२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनाच्या सुमारास जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळांत गणिताची प्रदर्शने लागतात. पृष्ठभागांची भूमिती आणि टोपॉलॉजी (ताणले-वाकवले तरी न बदलणाऱ्या गुणांचा अभ्यास) तिथे दोनच रूपांत भेटते: ‘चहाचा कप आणि मेदूवडा एकच’ असा एक फलक आणि शेजारी अर्धा पीळ देऊन टोके जोडलेली कागदाची मोबियस पट्टी. फलक खोटा नाही, पण त्यात मोजण्यासारखे काही नसते, म्हणून मुले हसून पुढे जातात. आणि जिथे मोजायला घेतात, तिथे हमखास एकाच जागी गाडी अडते.

ऑयलरने १७५० साली गोल्डबाखला पत्रातून कळवलेले सूत्र मुलांना पाठ असते: शिरोबिंदूंतून कडा वजा करा, पृष्ठे मिळवा, उत्तर २. काड्यापेटीचे ८ − १२ + ६ = २. आता कॅरमच्या चौकटीसारखी, मध्ये भोक असलेली वस्तू घ्या. बाहेरचे ८ आणि आतले ८ मिळून १६ शिरोबिंदू, कडा २४, वरचे एक, खालचे एक आणि आतबाहेरच्या आठ भिंती मिळून पृष्ठे १०. पुन्हा उत्तर २! मग भोक असले काय, नसले काय, सारखेच, असा निष्कर्ष फलकावर चढतो.

चूक बेरजेत नाही, ‘पृष्ठ’ कशाला म्हणायचे त्यात आहे. सूत्रातल्या प्रत्येक पृष्ठाला एकच सलग किनार हवी. चौकटीच्या वरच्या पृष्ठाला दोन आहेत, एक बाहेरची आणि एक भोकाभोवतीची. सुतार कोपऱ्यात ४५ अंशांचा जोड घेतो, तशा वर चार आणि खाली चार तिरप्या रेषा मारा. कडा होतात ३२, पृष्ठे १६, आणि १६ − ३२ + १६ = ०. खरे तर वर एक आणि खाली एक रेषा मारूनही भागते: १६ − २६ + १० = ०. आठ रेषा घेतल्या की तुकडे सारखे निघतात आणि कापायला सोपे पडतात, इतकेच.

ही चौकट जाड कार्डपेपरची करावी. समांतर बाजू १२ आणि ६ सेंमी व उंची ३ सेंमी असलेले आठ समलंब चौकोन, १२ × ३ सेंमीच्या चार पट्ट्या, ६ × ३ सेंमीच्या चार पट्ट्या. चिकटपट्टी कडेवर लावावी, पण कोपऱ्याच्या अलीकडे अर्धा सेंमी थांबावे. ती टोकावरून गेली की पुढच्या पायरीला कोपरा नीट उघडत नाही, फाटतो.

पुढची पायरी कोपऱ्यांच्या कोनांची. कोनमापक घेऊन सगळे ६४ कोन मोजत बसू नये, अंशाअंशाच्या चुका साचतात. बाहेरचा एक कोपरा घ्या, त्याला मिळणारी एक कड उसवा आणि कोपरा टेबलावर सपाट दाबा. ९० अंशांची फट पडते, कारण तिथे ४५ + ४५ + ९० + ९० म्हणजे २७० अंशच जमा आहेत. आतला कोपरा तसाच उसवून दाबला तर फट पडत नाही, उलट कागद कागदावर चढतो, कारण तिथे १३५ + १३५ + ९० + ९० म्हणजे ४५० अंश झाले, ९० अंश जास्त. ३६० ला किती कमी पडतात ती तूट धरली, तर बाहेरचे आठ कोपरे +७२०, आतले आठ −७२०, एकूण शून्य. काड्यापेटीला आठ कोपऱ्यांची तूट ७२०. समभुज त्रिकोणांच्या वीस पृष्ठांच्या घनाला बारा कोपरे, प्रत्येकी ६० अंश, पुन्हा ७२०. ही तूट नेहमी ऑयलरच्या संख्येच्या, म्हणजे वरच्या सूत्रातून येणाऱ्या उत्तराच्या, ३६० पट भरते. दोन भोकांची चौकट केली तर −७२० यायला हवी, आणि येते. वस्तू चेपा, ठोकळा तिरका करा, एका कोपऱ्यातून गेलेली तूट दुसरीकडे निघते. वाकड्या पृष्ठभागांसाठी हेच विधान गाऊस-बोने प्रमेय म्हणून ओळखले जाते.

वाकडा पृष्ठभाग आपल्याकडे घराघरात आहे: मांडे भाजायचे खापर. पालथ्या खापरावर वर्तमानपत्राचे पान पसरा, कडेला चुण्या पडतातच. मांडा मात्र बिनचुणीचा बसतो, कारण कणीक ताणली जाते आणि कागद ताणला जात नाही. गाऊसने १८२७ साली दाखवले ते हेच: पृष्ठभागावरच्या लांब्या न बदलता त्याची वक्रता बदलता येत नाही. मोजायचे असेल तर खापराच्या माथ्यापासून १५ सेंमी दोरीने वर्तुळ काढा. सपाट जमिनीवर त्याचा परीघ ९४.२ सेंमी भरेल. खापराचा बाक ३० सेंमी त्रिज्येच्या गोलाइतका असेल, तर तो सुमारे ९०.४ भरेल. फरक जवळपास चार सेंमी, म्हणजे साध्या सुतळीनेही पकडता येतो. दोरी खापराला चिकटून धरा. ती अधांतरी ताणली तर वर्तुळ भलतेच येते.

पाटणादेवीच्या परिसरातला १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावकरांना नवा नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाची नोंद त्यात आहे. त्याच भास्कराचार्यांनी गोलाचे पृष्ठफळ मधल्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट असते हे सांगताना चेंडूभोवतीच्या जाळ्याची उपमा दिली आहे. प्रदर्शनात त्यांची तसबीर असतेच, तिच्याखाली एक चेंडू आणि एक जाळी ठेवायला काय हरकत आहे?

आता मोबियस पट्टी. ती बहुतेक वेळा फार रुंद कापलेली असते आणि वळवताना मोडते. इथे ताजे संशोधन कामाला येते. कागद न मोडता गुळगुळीत वळवायचा आणि स्वतःतून आरपार जाऊ द्यायचा नसेल, तर लांबी रुंदीच्या √३ पटीहून, म्हणजे साधारण १.७३ पटीहून जास्त हवी. हे अनुमान १९७७ पासून पडून होते, रिचर्ड श्वार्ट्झ यांनी ते २०२३ साली सिद्ध केले. ए-फोर कागदाची लांबी रुंदीच्या १.४१ पटच असते, तेव्हा अख्ख्या ए-फोरची गुळगुळीत मोबियस पट्टी होणारच नाही. (पंख्यासारख्या चुण्या घालून जमवता येते, पण मग ती गुळगुळीत राहत नाही.) ३० × ३ सेंमीची पट्टी घ्यावी. मधोमध कापली तर एकच लांब पट्टी निघते. एका कडेपासून एक सेंमीवरून कापत गेले तर दोन पट्ट्या एकमेकींत अडकून निघतात, त्यांतली आखूड पुन्हा मोबियस असते.

दोन भोकांच्या पृष्ठभागासाठी शिंप्याकडे जावे. विजारीला तोंडे तीन: कंबर आणि दोन पाय. दोन विजारी घेऊन कंबरेला कंबर आणि पायाला पाय शिवा, दोन भोकांचा बंद पृष्ठभाग तयार. शिवणी तीन. प्रत्येक शिवणीचा घेर किती आणि शिवताना कापड किती फिरवले, असे दोन-दोन आकडे धरले की सहा आकड्यांत त्या पृष्ठभागाची भूमिती ठरते. म्हणजे सगळीकडे −१ वक्रता, खोगिरासारखा एकसारखा बाक, असलेली भूमिती. इथे एक घोटाळा नेहमी होतो: शिवताना पाय अर्धा फिरवला की मोबियस झाले, असे मुलांना वाटते. तसे नसते. तोंड त्याच्या घेरावरून सरकले, कापड उलटे झाले नाही. आत-बाहेर जिथल्या तिथेच आहे.

भोके ‘भो’ असतील तर विजारी २भो − २, शिवणी ३भो − ३, आकडे ६भो − ६. क्षेत्रफळ मात्र घेर कितीही बदलला तरी ४π(भो − १) एवढेच. अशा पृष्ठभागावर स्वतःला न छेदणाऱ्या, ताणून बसवलेल्या बंद वाटा किती, हा प्रश्न मरियम मिर्झाखानी यांनी सोडवला. ‘ल’ लांबीपर्यंतच्या अशा वाटांची संख्या ल च्या (६भो − ६) व्या घाताच्या प्रमाणात वाढते. दोन भोकांवर हा घात ६. म्हणजे लांबी बरीच मोठी असताना ती दुप्पट केली की वाटा सुमारे ६४ पट. स्वतःला छेदायची मुभा दिली तर वाढ घातांकी होते, तिच्यापुढे ही संख्या नगण्य ठरते. २०१४ साली फील्ड्स पदक, गणितातला सर्वोच्च सन्मानांपैकी एक, मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. विजारींवरचा शिवणींचा हिशेब त्यांच्या कामात पायापासून आहे.

आपल्या दैनिकाकडे मागणी एकच. डिसेंबरातल्या एखाद्या रविवारच्या पुरवणीत या चौकटीचे सोळा तुकडे पूर्ण मापात छापावेत. सगळे मिळून ४३२ चौ. सेंमी भरतात, त्यामुळे अर्ध्या पानात आरामात बसतील. वाचकांनी तो कागद जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर आधी डकवावा आणि पूर्ण वाळल्यावरच कापावा, ओला कापला तर कडा फाकतात. पान लावताना जागा भरण्यासाठी आकृती एकाच दिशेने ताणू नये. ४५ चे ४८ झाले तरी चौकटीचे कोपरे जुळणार नाहीत.

आपले,
गणिताचे दोन प्राध्यापक, चाळीसगाव