ग्रोमेट घालण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

आता कानाच्या पडद्यात बसवायची छोटी नळी, ग्रोमेट, तू स्वतः घालायला लागलीस, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. मोठ्या माणसाच्या एकाच कानात, पडद्यामागे पाणी दिसलं की नाकाच्या मागची जागा दुर्बिणीने बघायची, हे तुला ठाऊक आहे. ती जागा स्वच्छ निघाली तरी लगेच पडद्याला छेद देऊ नकोस. ते पाणी मेंदूभोवतीचं, म्हणजे सीएसएफ असू शकतं.

पडदा शाबूत असतो तोवर कान कोरडाच राहतो, पाणी घशात उतरतं. पेशंट एवढंच सांगते, कानात दडे बसलेत. तू विचार: वाकल्यावर एका नाकपुडीतून पाणी ठिबकतं का? घशात खारट लागतं का? पूर्वी कधी मेंदूज्वर झाला होता का? बहुतेकदा ही मध्यमवयीन, वजन जास्त असलेली बाई असते, रात्री घोरणारी. डोक्यातला दाब वर्षानुवर्षं वाढलेला असतो आणि मधल्या कानाचं छत, टेगमेन, मुळातच पातळ. ते झिजत जाऊन भोक पडतं, कधी त्यातून मेंदूचं आवरण किंवा मेंदूचा तुकडाही खाली लोंबतो. कानामागच्या हाडात, मास्टॉइडमध्ये, असं काही मऊ दिसलं तर बायोप्सीचा चिमटा लावायचा नाही.

छेद दिलाच असेल तर मायक्रोस्कोपखाली थांबून बघ. साधं पाणी सक्शनने संपतं. सीएसएफ नितळ असतं, ओढलं तरी पुन्हा भरतं, कधी नाडीबरोबर हलतानाही दिसतं. शरीर दिवसाला साधारण 500 मिली सीएसएफ बनवतं, ते आपोआप आटेल कसं? तरी लोक इन्फेक्शन समजून आठवडेच्या आठवडे कानात थेंब देत राहतात, आणि तेवढा काळ न्यूमोकॉकस या मेंदूज्वराच्या जंतूला मेंदूकडे जायची वाट मोकळी राहते. याचा मला फार राग येतो.

नमुना कापसावर नको, निर्जंतुक कोऱ्या डबीत घे, मिलीभर तरी. बीटा-2 ट्रान्स्फेरिन, म्हणजे सीएसएफ ओळखायचं प्रथिन, तपासायला पाठव. साखरेच्या पट्टीवर विसंबू नकोस, रक्त किंवा अश्रू मिसळले तरी ती फसवते. मग टेम्पोरल बोनचा, म्हणजे कानाभोवतीच्या हाडाचा, पातळ कापांचा सीटी, कोरोनल (समोरून घेतलेल्या उभ्या कापांची) चित्रं स्वतः बघ. भोकं अनेकदा एकापेक्षा जास्त असतात. खाली काही लोंबत असेल तर एमआरआय.

दुरुस्ती मास्टॉइडमधून किंवा वरून कवटी उघडून होते, फेशिया (स्नायूवरचं पातळ आवरण) आणि कूर्चा किंवा हाड असे थर देऊन. पण भोक बुजलं की दाबाची वाटही बुजते. आधी नॉर्मल आलेला दाब नंतर वर चढू शकतो, म्हणून डोळ्यांचा पडदा आधी आणि नंतरही तपासून घे. डोकं दुखतंय, धूसर दिसतंय म्हणाली तर दाब उतरवणाऱ्या ॲसिटाझोलामाइड या औषधाचा विचार कर. न्यूमोकॉकसची लस राहू देऊ नकोस.

घरी पाठवताना तिच्या भाषेत सांग: नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, संडासला कुंथायचं नाही, हंडा-बादली उचलायची नाही. ताप येऊन मान आखडली तर सकाळची वाट न बघता यायचं.

आणि डबीवर नावासोबत कान डावा की उजवा ते लिही.

तुझी,
आई