मंजिरीस पत्र : सीसीएनपीबद्दल विचारलंस म्हणून

खराडी, पुणे
रविवार

प्रिय मंजिरी,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचल्यावर लगेच फोन करणार होते, पण फोनवर आपण मुलांच्या शाळेपासून सुरुवात करतो आणि मूळ विषय राहूनच जातो. म्हणून सुट्टीच्या दिवशी निवांत लिहायला बसलेय.

बँकेच्या शाखांचं सगळं नेटवर्क तू सांभाळतेस. पावसाळ्यात रस्ता खणताना जेसीबीने फायबर तोडली की रात्री-अपरात्री तुलाच उठवतात. आणि बढतीची वेळ आली की 'तुमच्याकडे सर्टिफिकेशन नाही' म्हणून फाइल बाजूला ठेवतात. वाचून फार वाईट वाटलं गं. तू जे काम करतेस ते कागदावर दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते कागदावर आणायचा रस्ता आहे आणि तो तुझ्या आवाक्यातला आहे, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

तू विचारलंस, सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीचं सीसीएनपी सर्टिफिकेशन करू की थेट तिच्या सर्वांत वरच्या सीसीआयईच्या मागे लागू? सीसीएनपी कर. एंटरप्रायझ, म्हणजे कंपन्या-बँकांच्या नेटवर्कच्या, शाखेतली. सीसीआयई पुढे बघू.

सीसीआयईचं आकर्षण मला कळतं. सिस्कोने ती १९९३ मध्ये सुरू केली, आणि तेव्हापासून उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक मिळतो. १०२४ हा पहिला क्रमांक माणसाला नव्हे, लॅबलाच दिला होता. पहिल्या माणसाला १०२५ मिळाला. लोक तो क्रमांक सहीखाली अभिमानाने लिहितात आणि लिहावाच, कारण त्यामागे ८ तासांची लॅब, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, असते. पहिले ३ तास डिझाइनचे, पुढचे ५ तास नेटवर्क उभं करून चालवून दाखवायचे. पण नुसत्या लॅबची फी १६०० डॉलर, शिवाय बंगळुरूला जाणं-राहणं, आणि तयारीसाठी घरातले कितीतरी महिने. तुझा मोठा यंदा दहावीला आहे. हे वर्ष त्यासाठी योग्य नाही. आणि यात काही वायाही जात नाही, कारण सीसीएनपीचा जो मुख्य पेपर आहे, एनकोर, तोच सीसीआयईच्या लॅबला बसण्यासाठीही लागतो. म्हणजे एक पाय त्या वाटेवर आपोआप पडतोच.

फेब्रुवारी २०२० मध्ये सिस्कोने सगळी रचना बदलली. आपल्या कॉलेजच्या वेळचं डोक्यातून काढून टाक. आता दोनच पेपर: एनकोर (३५०-४०१), १२० मिनिटांचा, ४०० डॉलर, आणि एक आवडीचा विषय, ९० मिनिटांचा, ३०० डॉलर. करासकट साठ हजारांच्या पुढे जातं, ही रक्कम लहान नाही, हे मला माहीत आहे. पण दोन्ही एकदम भरायचे नसतात. आणि नुसतं एनकोर झालं तरी स्पेशालिस्टचं वेगळं सर्टिफिकेट मिळतं, ते पुढच्या अप्रेझलला दाखवता येईल. सीसीएनए, म्हणजे खालची पायरी, आधी केलेलीच हवी अशी अटही आता राहिलेली नाही. तुझी जुनी सीसीएनए कधीच संपली म्हणून तू खंतावली आहेस, ते सोडून दे.

दुसरा पेपर एनार्सी घे, ३००-४१०. एसडी-वॅन वगैरे नव्या नावांची भुरळ पडेल, पण तुझं रोजचं काम बघ: शाखा जोडणारे सुरक्षित बोगदे डीएमव्हीपीएनवर, मुख्य कार्यालयात आतले मार्ग ठरवणारा ओएसपीएफ, दोन इंटरनेट सेवादात्यांशी मार्गांची देवाणघेवाण करणारा बीजीपी. एनार्सीमध्ये नेमकं हेच आहे आणि मुख्यतः बिघाड शोधण्याच्या अंगाने आहे. जे तू पोटतिडकीने करतेस त्यातच परीक्षा दे.

आता मला जे खरं सांगायचंय ते. हे सर्टिफिकेट तुला मुलाखतीच्या दारापर्यंत नेईल. एचआर वाला अर्ज चाळताना ती चार अक्षरं शोधतो, आणि सिस्कोच्या भागीदार कंपन्यांना तर आपली श्रेणी टिकवायला प्रमाणित इंजिनिअर लागतातच, म्हणून त्यांच्याकडे याला जास्त वजन आहे. पण दाराच्या आत गेल्यावर समोरचा एकच गोष्ट तपासतो: माहितीचं पॅकेट कुठून निघालं, कुठे अडलं आणि का अडलं, हे तुला सांगता येतं का. अभ्यास त्या 'का'साठी कर, पेपर त्यातून सुटतो.

एक प्रसंग सांगते. मी तेव्हा रात्रपाळीला एनओसीमध्ये, म्हणजे नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या कक्षात, होते आणि एनकोरचा अभ्यास चालू होता. एका मोठ्या ग्राहकाची लिंक सेवादात्याने बदलून दिली आणि तिकडचं ओएसपीएफ उभंच राहीना. ब्रिज कॉलवर डझनभर माणसं. पिंग, म्हणजे पोहोच तपासणारा संदेश, जातोय. ओएसपीएफचे ओळखीचे हॅलो जातायत, नेबर, म्हणजे शेजारचा राऊटर, दिसतोय. पण अवस्था फुल, म्हणजे जोडणी पूर्ण, होत नाही. एका राऊटरवर एक्सस्टार्ट, दुसऱ्यावर एक्सचेंज, या मधल्या अवस्थांतच घुटमळतंय. कोणी म्हणे पासवर्ड बघा, कोणी म्हणे एरिया बघा, कोणी म्हणे राऊटर रीबूट करा. पण पासवर्ड किंवा एरिया चुकला असता तर नेबर इथवर आलाच नसता, हॅलोतच अडकला असता. हॅलो लहान असतात, ते कुठूनही निसटतात. त्यानंतर जे डेटाबेस डिस्क्रिप्शनचं पॅकेट जातं त्यात राऊटर आपला एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, लिहून पाठवतो, आणि तो आपल्यापेक्षा मोठा दिसला की समोरचा ते पॅकेट नाकारतो. मी १५०० बाइटचा पिंग डीएफ बिट, म्हणजे 'तुकडे करू नका' ही खूण, लावून टाकायला सांगितला. गेला नाही. नव्या लिंकवर सेवादात्याने १४०० ठेवला होता, आमच्या बाजूला १५००. दोन्हीकडे सारखा केला आणि नेबर क्षणात फुल झाला. एमटीयू-इग्नोरची कमांड देऊनही ते वर आलं असतं, पण मग मोठी पॅकेटं पुढे कुठेतरी गुपचूप मेली असती आणि सकाळी ग्राहक म्हणाला असता की लॉगिन होतं पण स्टेटमेंट उघडत नाही.

त्या रात्रीनंतर लोक मला कॉलवर नावाने हाक मारायला लागले. सर्टिफिकेट हातात यायला अजून वेळ होता. पगार नंतर वाढला, पण मंजिरी, मला खरा बदल तिथे जाणवला, आणि तसाच तुला जाणवावा अशी माझी इच्छा आहे.

म्हणूनच डम्प्सचं, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न पाठ करण्याचं, जे तू विचारलंस, 'सगळेच करतात, मीही करू का', त्याला माझं उत्तर एकच: नाही. पकडलं गेलं तर सिस्को सर्टिफिकेट रद्द करते आणि पुढे परीक्षेला बसू देत नाही, हे एक. पण त्याहून मोठं नुकसान नंतर होतं. मी आता मुलाखतींच्या पॅनेलवर बसते. पॅकेट कुठे आणि का अडलं, हा वर सांगितलेला प्रश्न मी विचारते, आणि अर्जावर सीसीएनपी असलेली हुशार मुलं गप्प होतात. त्यांचे चेहरे बघवत नाहीत गं. पैसे गेले, महिने गेले आणि हातात उत्तर नाही. ती वेळ तुझ्यावर का येऊ द्यायची? तुझ्याकडे तर प्रत्यक्ष अनुभव आहे, जो त्यांच्याकडे नाही.

बीजीपीला तू घाबरतेस असं लिहिलंयस. आधी एक घटना नीट समजून घे, अर्धी भीती तिथेच जाईल. २४ फेब्रुवारी २००८. पाकिस्तान सरकारने देशात यूट्यूब बंद करायला सांगितलं. पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या नेटवर्कमध्ये यूट्यूबच्या पत्त्यांचा एक तुकडा, २०८.६५.१५३.०/२४, कचऱ्यात टाकण्यासाठी मार्ग बनवला. तो मार्ग बाहेर हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूकडे गेला आणि त्यांनी तो न तपासता जगभर पुढे पाठवला. यूट्यूबची स्वतःची घोषणा होती /२२ ची. रेघेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका पत्त्यांचा तुकडा लहान, म्हणजे नेमका. राऊटर नेहमी जास्त नेमका पत्ता निवडतो. पोस्टमनला एका पाकिटावर नुसतं 'कोल्हापूर' आणि दुसऱ्यावर 'मंगळवार पेठ, कोल्हापूर' दिसलं तर तो दुसऱ्याचं ऐकणार, तसं. जगभरची वाहतूक /२४ च्या मागे पाकिस्तानकडे वळली. मग यूट्यूबने काय केलं? आधी स्वतः तोच /२४ जाहीर केला, त्याने पुरेसं झालं नाही, तेव्हा दोन /२५ जाहीर केले, म्हणजे आणखी नेमके. सुमारे दोन तासांनी पीसीसीडब्ल्यूने तो चुकीचा मार्ग काढून टाकला.

हे कळलं की फिल्टर का लावायचे, प्रीफिक्स लिस्ट, म्हणजे कोणते पत्ते स्वीकारायचे त्याची यादी, कशासाठी, हे पाठ करावं लागत नाही. मग मार्ग निवडण्याचा क्रम: वेट, लोकल प्रेफरन्स, स्वतः उगम झालेला मार्ग, एएस पाथची (वाटेतल्या नेटवर्कच्या यादीची) लांबी, ओरिजिन, एमईडी. तुझ्या दोन सेवादात्यांवर तो ताडून बघ. बाहेर जाणारी वाहतूक लोकल प्रेफरन्सने तुझ्या हातात असते. आत येणारी मात्र दुसऱ्यांच्या निर्णयावर चालते, तिथे एएस पाथ लांबवण्यासारख्या उपायांनी विनंती करता येते. हा फरक ज्याला मनापासून समजला त्याला बीजीपी समजला असं मी मानते.

लॅबसाठी खर्च करू नकोस. पॅकेट ट्रेसर हा सरावाचा प्रोग्रॅम सीसीएनएपर्यंत ठीक, पुढे पुरत नाही. सिस्कोच्या सीएमएल या आभासी लॅबची ५ नोडची, म्हणजे पाच उपकरणांची, फुकट आवृत्ती आहे, तुझ्या १६ जीबीच्या लॅपटॉपवर ती आरामात चालेल. सुरुवातीला पाच राऊटर खूप झाले. ओएसपीएफ आणि ईआयजीआरपी या मार्ग ठरवणाऱ्या दोन पद्धतींचे मार्ग दोन ठिकाणी एकमेकांत सोड (रीडिस्ट्रिब्यूट कर) आणि मार्ग गोल फिरताना बघ. मग टॅग लावून तो थांबव. ही एक लॅब नीट झाली की चार पुस्तकं वाचल्यासारखं वाटतं.

एनकोरमध्ये ३० टक्के भार इन्फ्रास्ट्रक्चरला आहे, २० सुरक्षेला, १५ ऑटोमेशनला. ऑटोमेशनचं दडपण घेऊ नकोस. तू लिहिलंस की दर महिन्याला प्रत्येक शाखेच्या राऊटरचं कॉन्फिगरेशन एकेक करून कॉपी करतेस. तेच काम पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या नेटमिको लायब्ररीने करून बघ. वीसेक ओळींचा प्रोग्रॅम आहे. तो चालला की जेसन, एपीआय, नेटकॉन्फ या शब्दांचा बाऊ उरत नाही, आणि शनिवारची तुझी दुपारही मोकळी होईल.

परीक्षा घरूनही देता येते, पण तू केंद्रावरच दे. वीज, नेट, मुलांचा आवाज, कशाचीही काळजी नको. पुण्यात माझ्याकडे आदल्या दिवशी मुक्कामाला ये. एक लक्षात ठेव: पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परतता येत नाही, आणि लॅबचे प्रश्न वेळ खातात, तेव्हा घड्याळाकडे लक्ष हवं. नाहीच जमलं तर ५ दिवसांनी पुन्हा बसता येतं, फी मात्र पुन्हा भरावी लागते. झालं की ३ वर्षं चालतं, त्यानंतर एखादा मुख्य पेपर देऊन किंवा सिस्कोचे कोर्स करून ८० क्रेडिट जमवून पुढे नेता येतं.

घरच्यांचं म्हणशील तर सुधीररावांशी मोकळेपणाने बोल. पहाटेचा वेळ तुझा, त्या वेळेत डबे आणि चहा त्यांनी बघायचा, हे आधीच ठरवून घे. मागितल्याशिवाय आपल्याला वेळ मिळत नाही आणि मागितला तर बहुतेकदा मिळतो. तुझ्या सासूबाई तर मला नेहमीच तुझ्या बाजूच्या वाटल्या आहेत.

येत्या शनिवारी रात्री साडेनऊला लॅपटॉप उघडून बस. तोवर सीएमएल टाकून तीन राऊटर एका रांगेत जोडून ठेव, ओएसपीएफ चालू करून ठेव. मी एक फाइल पाठवीन, त्यात मुद्दाम दोन बिघाड घालून. कुठे आहेत ते सांगणार नाही. तू शोधायचे, मी फोनवर असेन. बँकेच्या बाजूची फीची तरतूद होते का तेही उद्याच विचार. कित्येक ठिकाणी उत्तीर्ण झाल्यावर पैसे परत देतात, पण आधी लेखी मंजुरी घेऊन ठेव.

काकूंना आणि सासूबाईंना नमस्कार, मुलांना खूप प्रेम. उत्तर लवकर लिही.

तुझीच,
आरती

ता. क. नेटमिकोचा तो प्रोग्रॅम या पत्रासोबत पाठवतेय. त्यात शाखांचे आयपी तू तुझे भर, आणि पासवर्ड फाइलमध्ये लिहून ठेवू नकोस, चालवताना विचारेल तेव्हा टाक.