ब इमारतीमागच्या खेळाच्या जागेबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,

विषय : ब इमारतीमागील मुलांच्या खेळाच्या जागेवर वाहनतळ न करता ती जागा लहान मुलांसाठी सुरक्षित करून घेण्याबाबत.

महोदय,

ब इमारतीमागच्या खेळाच्या जागेत सहा मोटारी लावण्याची सोय करण्याचा प्रस्ताव ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येणार असल्याचे सूचनाफलकावर वाचले. मोटारींना जागा अपुरी पडते, हे मला मान्य आहे. तरीही या प्रस्तावाला माझा विरोध आहे आणि त्याची कारणे सभेतल्या दोन मिनिटांत मांडता येण्यासारखी नसल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

माझा नातू साडेतीन वर्षांचा आहे. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात, त्यामुळे गेले आठ महिने त्याला खेळायला नेण्याचे काम माझ्याकडे आहे. खाली खेळण्यासारखे काही उरले नसल्याने आम्ही रिक्षाने कधी एरंडवण्यातल्या कमला नेहरू उद्यानात, कधी जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानात, तर सुटीच्या दिवशी सारसबागेजवळच्या पेशवे उद्यानात जातो. पेशवे उद्यानात १९५६ साली सुरू झालेल्या फुलराणी या मुलांच्या छोट्या आगगाडीत मी स्वतः लहानपणी आईच्या मांडीवर बसले होते. तेव्हा तिथे प्राणिसंग्रहालयही होते, ते पुढे कात्रजला गेले. नातवाला मोठ्या हौसेने तिथे नेले, तर त्याचे सगळे लक्ष वाटेकडेच्या मातीत होते. नारळाच्या करवंटीचा एक तुकडा सापडला, तो त्याने मातीने भरला, ओतला, पुन्हा भरला, आणि तासभर त्याला दुसरे काहीही नको होते.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण इतके दिवस बाकावर बसून मुलांना पाहिल्यावर माझी जी समजूत झाली ती यातूनच झाली आहे. या वयाच्या मुलाला उंच आणि रंगीत साधनांची फारशी ओढ नसते. नव्या जागी गेल्यावर तो आधी माझे बोट धरून दहा-पंधरा मिनिटे नुसता उभा राहून इतर मुलांकडे बघतो. मग सर्वांत ठेंगण्या घसरगुंडीच्या पहिल्या दोन पायऱ्या चढतो आणि उतरतो. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी कधीतरी वरपर्यंत पोहोचतो, आणि एकदा पोहोचला की त्याच घसरगुंडीवर वीस वेळा जातो. म्हणजे त्याला तीच जागा रोज मिळावी लागते. आठवड्यातून दोनदा रिक्षा करून गाठलेल्या बागेत हे घडत नाही. बऱ्याच बागा दुपारी बंद असतात आणि पावसाळ्यात तर आमचे जाणेच थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी काढलेल्या मार्गदर्शनात तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्यातली किमान ६० मिनिटे धावण्या-उड्या मारण्यासारखी दमवणारी असावीत, असे म्हटले आहे. दोन खोल्यांच्या सदनिकेत एवढी हालचाल कोणत्या मुलाची होणार?

आता आपल्या जागेविषयी. तिथला झोपाळा आठ फूट उंचीच्या आडव्या नळीला टांगलेला आहे आणि त्याच्यापुढे कुंपणाची भिंत अवघ्या सात फुटांवर आहे. मी टेप लावून मोजले आहे. खाली पेव्हर ब्लॉक आहेत. घसरगुंडी पत्र्याची असून तिचे तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे मुले खाली येण्याच्या वेळीच, म्हणजे चार-साडेचारला, तिला हात लावता येत नाही. मुले तिथे येत नाहीत म्हणून जागा वापरात नाही, असे सूचनेत म्हटले आहे. माझ्या मते जागा वापरण्यासारखी राहिलेली नाही म्हणून लहान मुले येत नाहीत, आणि या दोन विधानांमध्ये फार मोठा फरक आहे.

पडण्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मार्च महिन्यात एका बागेत (तिचे नाव येथे घेत नाही) माझ्या डोळ्यांसमोर चार वर्षांची एक मुलगी शिडीवरून फरशीवर पडली आणि तिचे मनगट मोडले. शिडी फार उंच नव्हती, चार फूटही नसेल. त्या दिवसानंतर सुनेने मला अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाची सार्वजनिक क्रीडांगणांविषयीची पुस्तिका छापून दिली, ती मी शब्दकोश घेऊन वाचली. साधनांखाली काँक्रीट किंवा डांबर मुळीच नसावे, एवढेच नव्हे तर नुसती माती आणि गवतही पुरेसे धरू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. वाळू किंवा लाकडाच्या ढलप्या यांसारखा मोकळा थर दाबून बसल्यावरही नऊ इंच राहावा, यासाठी सुरुवातीला तो बारा इंच घालावा. साधनाभोवती सहा फूट जागा मोकळी असावी. आणि झोपाळ्याच्या पुढे व मागे त्याच्या टांगणीच्या उंचीच्या दुप्पट अंतर असावे. या हिशेबाने आपल्या झोपाळ्याला पुढे सोळा फूट हवेत. कठड्यांमधल्या फटी साडेतीन ते नऊ इंचांच्या दरम्यान असू नयेत, असाही नियम आहे, कारण तेवढ्या फटीतून मुलाचे अंग पलीकडे जाते आणि डोके अडकते. आपल्या घसरगुंडीच्या कठड्यातली फट पाच इंचांची आहे. ती कृपया सभेची वाट न पाहता या आठवड्यातच वेल्डिंग करून बंद करावी, ही माझी हात जोडून विनंती आहे.

माझी सूचना मोठ्या खर्चाची नाही. आठ फुटी झोपाळा काढून टाकावा. घसरगुंडी कडुनिंबाच्या सावलीत हलवून तिचे तोंड उत्तरेकडे करावे. तिच्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक उचलून साधारण १५ फूट बाय १६ फूट जागा एक फूट खोल करून घ्यावी. तिला सुमारे अडीच ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वाळू लागेल. ही वाळू धुतलेली आणि गोल दाण्याची हवी. बांधकामाची क्रश सँड आणू नये, कारण तिचे दाणे टोकदार असतात आणि तिच्यातली भुकटी भिजली की घट्ट बसते. या एक फूट वाळूच्या खाली आणखी थोडे खोदून खडीचा थर देऊन पाण्याला उताराने वाट काढून द्यावी, आणि रात्री मांजरे येऊ नयेत म्हणून वर ताडपत्री घालावी. निघालेले पेव्हर ब्लॉक फाटकाजवळच्या खचलेल्या भागात वापरता येतील. सर्व मुलांवर नजर राहील असे दोन बाक मात्र ठेवावेत. आजी-आजोबा बसू लागले की जागा आपोआप राखली जाते.

मोठी मुले तिथेच क्रिकेट खेळतात, त्यांनाही हुसकावून लावू नये. सायंकाळी साडेपाचपर्यंत लहान मुले आणि त्यानंतर मोठी, अशी वेळ ठरवून देता येईल. आपल्या रखवालदारांची आणि घरकामाला येणाऱ्या बायकांची मुलेही तिथे हक्काने खेळू शकतील, हे समितीने लेखी नमूद करावे, असे मला मनापासून वाटते. आज ती जिन्याखाली बसून असतात.

प्रस्ताव सभेपुढे ठेवण्याआधी मंजूर नकाशा एकदा काढून पाहावा. ही जागा त्यात मनोरंजनासाठीची मोकळी जागा म्हणून दाखवलेली असल्यास तिचा वापर बदलणे आपल्या हातातले नाही आणि पुढे संस्थेलाच त्याचा त्रास होईल. मोटारींसाठी पूर्वेकडच्या बाजूला तिरपी आखणी केल्यास काही जागा निघू शकेल, तिचीही मोजणी व्हावी.

वरील सूचना सभेच्या विषयपत्रिकेत स्वतंत्र विषय म्हणून घ्यावी. मोजमापांचा कागद सोबत जोडला आहे. काम मंजूर झाल्यास दर रविवारी सकाळी वाळू खालीवर करून त्यातले खडे आणि काचा वेचण्याची जबाबदारी मी घेते. तळमजल्यावरच्या आणखी दोन आज्यांनीही माझ्याबरोबर येण्याचे कबूल केले आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
ब इमारतीतील एक सभासद

सोबत : जागेच्या मोजमापांचा हाताने काढलेला नकाशा, एक प्रत.