नाशिकच्या गंगापूर रोडच्या पेट शॉपमधल्या दादांना, बुंदीच्या घरून

दादा नमस्कार,

मागच्या शनिवारी मी तुमच्या दुकानावर आले होते, पिशवीत आमच्या कुत्रीचा, बुंदीचा, तो निळा रबरी काँग (आत खाऊ भरता येतो ते चघळायचं पोकळ खेळणं) घेऊन, कारण तुम्हीच सांगितलं होतं की त्याला नखापेक्षा मोठी चीर पडली की वापरणं बंद करायचं आणि आणून दाखवायचा. चीर पडली होती. पण शटर बंद, वर 'भाड्याने देणे आहे' चा कागद, शेजारच्या झेरॉक्सवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले महिना झाला, पोरगं गावाकडे गेलं. तुमचा नंबर आमच्याकडे कधी नव्हताच, कधी लागलाच नाही, तुम्ही काउंटरवर असायचातच ना. म्हणून हे असं उघड लिहितेय. कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल अशी आशा आहे.

तुम्हाला आठवतंय का माहीत नाही, आमची पहिली भेट मागच्या जूनमधली. बुंदी तेव्हा ५ महिन्यांची होती, कशीबशी दोन-अडीच किलोची, आणि दुधाचे दात पडायला लागले होते त्यामुळे घरात एक वस्तू शिल्लक ठेवली नव्हती तिने. खुर्चीचे पाय, बाबांच्या चपलेचा पट्टा, आईची जपमाळ. मी दुसऱ्या एका दुकानातून ते पांढरं गाठी मारलेलं चामड्याचं हाड आणलं होतं, दोन्हीकडे गाठ असते ते. सगळे आणतात म्हणून आणलं. तासभर चघळून त्याचं टोक भिजून लिबलिबीत झालं, तिने तो तुकडा तसाच ओढून गिळायचा प्रयत्न केला आणि तो घशात अडकला. आवाजच येईना तिचा. तोंडाबाहेर लोंबणारं टोक दिसत होतं म्हणून मी ते धरून ओढून काढलं, नाहीतर काय झालं असतं ते मी आजही पूर्ण विचार करू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आले आणि म्हटलं, ते मऊ पडणारं नको, एकदम कडक काहीतरी द्या, जे तुटणारच नाही. समोर बरणीत वाळलेले खूर होते आणि ती याकच्या दुधाची छुर्पी, म्हणजे दगडासारखं कडक चीज, होती, मी दोन्ही मागितलं. तुम्ही खूर उचललात, माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "ताई, अंगठ्याचं नख रुतवून बघा." नख रुतलं नाही. मग म्हणालात, "हे तुमच्या गुडघ्याच्या वाटीवर मारलं तर चालेल का?" मी म्हटलं नाही बाबा. तर म्हणालात, "मग तिच्या दातावर पण नको."

बस, एवढंच. पण त्या दोन वाक्यांनी माझ्या डोक्यातला सगळा गोंधळ गेला. मला वाटायचं दोनच प्रकार आहेत, मऊ म्हणजे वाईट आणि कडक म्हणजे टिकाऊ. तुम्ही सांगितलंत की कुत्र्याचा वरचा मागचा मोठा दात असतो ना, ज्याने ते चावतात, तो अशा कडक वस्तूवर उभा चिरतो आणि मग भूल देऊन काढायची वेळ येते. आणि चामड्याचं हाड भिजलं की फुगतं, त्याचा मोठा तुकडा लहान कुत्र्याच्या आतड्यात अडकू शकतो. शिजवलेल्या मटण-चिकनच्या हाडांच्या तर कपच्या होतात, ती अजिबात नाही, कितीही कुणी म्हणू दे की आमच्या गावचा कुत्रा रोज खातो. म्हणजे जे नखाने थोडं दबतं, पण दाताने मोठा तुकडा तुटून येत नाही, ते घ्यायचं. हा मधला पट्टा किती छोटा आहे ते तेव्हा कळलं.

मी त्या दिवशी आठ-नऊशे रुपये खर्च करायच्या तयारीने आले होते. तुम्ही मला फक्त पिल्लांसाठीचा मऊ रबराचा सगळ्यात लहान काँग दिलात, आणि बाकी घरी जाऊन जुना नॅपकिन ओला करून पिळून फ्रीजरमध्ये ठेवा म्हणालात. तो गार नॅपकिन बुंदीने समोर बसून इतका आनंदाने चघळला, तिच्या हिरड्यांना बरं वाटत असणार. दोन आठवड्यांत खुर्चीचे पाय सुटले.

काँगला दोन्हीकडे भोकं का असतात ते पण तुम्हीच दाखवलंत. एकच भोक असलेल्या खेळण्यात जीभ आत गेली की आत हवा शिरायला वाट राहत नाही आणि ती अडकून बसते, सुजते, म्हणून दुसरं बारीक भोक पाहिजेच. आणि त्या खेळण्याची गोष्ट, अमेरिकेतल्या कोलोराडोच्या जो मार्कहॅमची, की त्याचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून चावून दात झिजवत होता आणि हा फोक्सवॅगनच्या व्हॅनचं काम करत असताना सस्पेन्शनचा एक रबरी पार्ट त्या कुत्र्याला भारी आवडला, त्यावरून १९७० च्या दशकात हे खेळणं निघालं. आईला ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हापासून ती काँगला 'फ्रिट्झचं खेळणं' म्हणते.

आता मुख्य गोष्ट. ऑगस्टमध्ये मी एक कापडी ससा घ्यायला आले होते, बुंदी सोबत होती. तुम्ही पकडीने सशाचे प्लास्टिकचे डोळे उपटलेत, गळ्यातली रिबीन कापलीत, मग म्हणालात आता हे खेळणं झालं. आणि मग तिला काउंटरवर घेऊन, सहज, "बघू गं तुझे दात," म्हणत तिचा ओठ वर केलात. आणि थांबलात. वरच्या डाव्या बाजूला दुधाचा सुळा तसाच होता आणि त्याला चिकटून नवा सुळा आलेला. आम्ही रोज तिच्या तोंडाकडे बघत होतो दादा, पापे घेत होतो, पण आम्हाला दिसलं नाही. तुम्ही म्हणालात एका जागी दोन दात नकोत, मध्ये अन्न अडकून सडतं, लहान जातीच्या कुत्र्यांत हे फार होतं, इवल्याशा जबड्यात ४२ दात बसवायचे असतात, मी डॉक्टर नाही पण तुम्ही याच आठवड्यात दाखवा. डॉक्टरांनी तेच सांगितलं, आणि सप्टेंबरमध्ये तिच्या नसबंदीच्या वेळी एकाच भुलेत तो दात काढला. आता तिचा नवा सुळा सरळ आहे, हिरडी गुलाबी आहे. मी तेव्हा धावत येऊन सांगितलं होतं तुम्हाला, पण दुकानात गर्दी होती, नीट बोलताच आलं नाही. आज बोलतेय. तुम्ही तो ओठ वर केला नसतात तर आम्हाला वर्ष-दोन वर्षांनी कळलं असतं, वास यायला लागल्यावर.

दात घासायला पण तुम्ही लावलंत. मी दातांच्या काड्या मागत होते, त्या चघळल्या की दात साफ होतात असं पाकिटावर लिहिलेलं, तर तुम्ही म्हणालात पाकिटावर काहीही लिहितात, अमेरिकेत व्हीओएचसी म्हणून जनावरांच्या दातांचे डॉक्टर लोक आहेत त्यांचा शिक्का असेल तर निदान तपासलेलं असतं, पण ब्रशची जागा कशालाच नाही. कुत्र्याची पेस्ट, बोटात घालायचा ब्रश, माणसांची पेस्ट बिलकुल नाही कारण ते थुंकत नाहीत, गिळतात. आता रोज रात्री घासतो आम्ही. रोज म्हणजे आठवड्यात पाच दिवस नक्की.

बाबांचं मात्र सगळ्यात जास्त ऐकून घेतलंत तुम्ही. थंडीत बुंदी चार किलोवरून पाचच्या वर गेली, चढताना धापा टाकायला लागली, आणि बाबा म्हणत होते केसांमुळे जाड दिसते. तुम्ही बाबांना स्टुलावर बसवून विचारलंत, काका चहाबरोबर किती बिस्किटं देता. बाबा म्हणाले पाच-सहा, ग्लुकोजचीच तर आहेत. मग तुम्ही बिलाच्या मागच्या बाजूला पेनने मांडून दाखवलंत. एवढ्याशा, घरात राहणाऱ्या कुत्रीला दिवसाला साधारण अडीचशे-तीनशे कॅलरी लागतात. वरचं खाणं त्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको, म्हणजे २५-३०. एका ग्लुकोज बिस्किटात वीस-पंचवीस. म्हणजे एक बिस्कीट झालं की दिवसाचा खाऊ संपला. बाबा गप्प झाले. ते बँकेत होते, त्यांना आकडा दाखवला की पटतं, हे तुम्हाला कसं कळलं कोण जाणे.

आणि तुम्ही त्यांना बंद करा म्हणाला नाहीत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण बाबांचं रिटायर झाल्यानंतरचं सकाळचं सुख तेच आहे, बशीत चहा आणि पायाशी बुंदी. तुम्ही म्हणालात काका तुकडा केवढा आहे यापेक्षा आपण किती वेळा दिलं याचा कुत्र्याला आनंद, तर हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करा आणि दहा वेळा द्या. उकडलेलं गाजर, काकडी, लाल भोपळा, बिनमिठाचे कुरमुरे, सफरचंद बिया काढून, चिकन उकडलेलं पण कांदा-लसूण-मीठ काही न घालता. नवीन काही दिलं तर एका वेळी एकच, म्हणजे खाज सुटली किंवा पोट बिघडलं तर कशाने ते कळतं. बाबा आता रोज संध्याकाळी काकडी चिरतात, एका स्टीलच्या डबीत भरून सकाळी चहाशी घेऊन बसतात. बुंदी ४ किलो ४०० वर आलीये. धापा नाहीत.

त्याच बिलाच्या उरलेल्या जागेत तुम्ही दुसरी यादी लिहिलीत, काय अजिबात द्यायचं नाही त्याची. द्राक्षं, बेदाणे, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण, झायलिटॉल असलेलं शुगर फ्री काहीही. द्राक्षाच्या खाली दोन रेघा मारल्यात. आम्ही नाशिकची माणसं, माझ्या मामाची निफाडला बाग आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात क्रेटच्या क्रेट येतात, आणि आम्हाला हे माहीतच नव्हतं की द्राक्षाने कुत्र्याची किडनी जाऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर ते प्रत्येक कुत्र्याचं वेगळं, त्यामुळे एक पण नको. या फेब्रुवारीत मामाने क्रेट उघडला आणि तीन-चार मणी घरंगळत सोफ्याखाली गेले. आई ओरडली, "द्राक्ष!", आणि मामाला काही कळायच्या आत ती जमिनीवर आडवी होऊन हात घालून ते मणी काढत होती, गुडघेदुखी असलेली माझी आई, आणि बाबांनी बुंदीला उचलून गॅलरीत नेलं. मामा बघतच राहिला. आता सत्यनारायणाच्या शिऱ्यातसुद्धा आमच्याकडे बेदाणे नसतात. गुरुजींना विचारलं, ते म्हणाले काही हरकत नाही.

दिवाळीचं पण सांगायचंय. फटाक्यांना बुंदी पलंगाखाली जाऊन थरथरायची. तुम्ही सांगितल्याप्रमाणे दहीभात आणि उकडलेला भोपळा कालवून काँगमध्ये दाबून भरून रात्रभर फ्रीजरला ठेवला, लक्ष्मीपूजनाला सहा वाजताच आतल्या खोलीत नेलं, खिडक्या बंद, पंखा फुल, टीव्हीवर भजन, आणि काँग दिला. वीस-पंचवीस मिनिटं चाटत होती. भीती पूर्ण गेली असं नाही म्हणणार मी, मधूनच कान टवकारायची, पण पलंगाखाली गेली नाही. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसून होते आणि मला तुमची आठवण आली, की बाकीचे सगळे गोळ्या, स्प्रे, काय काय विकत होते आणि तुम्ही आमच्याकडे असलेलंच खेळणं परत वापरायला सांगितलंत.

आणखी पुष्कळ आहे. बॉल मागच्या दाढांपलीकडे जाईल एवढा लहान नको, पण तिला उचलता आला पाहिजे. टेनिस बॉलची लव दातावर पॉलिश पेपरसारखी घासते, तो फक्त फेकायला, चघळायला नाही. दोरीचं खेळणं सुटायला लागलं की फेकायचं, एक धागा आतड्यात गेला तरी ऑपरेशन लागू शकतं. तोंडातलं कधी हिसकावायचं नाही, त्याहून चांगलं काहीतरी पुढे करायचं, मग ती स्वतः सोडते. हे शेवटचं मी माझ्या भाच्याला पण शिकवलंय. आणि खेळणी सगळी एकदम बाहेर नाही, तीन बाहेर, बाकी डब्यात, रविवारी अदलाबदल. तो ससा दर तीन आठवड्यांनी बाहेर येतो आणि बुंदी दर वेळी त्याला नव्याने भेटते, नाकाने ढोसते, घरभर फिरवते.

दादा, तुम्ही एवढं फुकट सांगत बसायचात म्हणून दुकान चाललं नाही का, हा विचार शनिवारपासून मनात आहे. तसं असेल तर मला फार वाईट वाटेल, कारण त्या स्टुलावर बसून आम्ही खूप वेळ घेतला तुमचा आणि खरेदी थोडीच केली. गावाकडे काही नवीन सुरू करत असाल तर कळवा, आम्ही येऊ, निफाडच्या पुढे असलं तरी येऊ.

ते बिल अजून आमच्या फ्रीजवर आहे, चुंबकाखाली. थर्मल कागदावरचं पुढचं छापील सगळं उडालं, तारीख पण दिसत नाही, पण मागचं तुमचं पेनचं अक्षर आहे. काल बाबांनी चष्मा लावून त्यावरून एकदा गडद निळ्या पेनने गिरवलं, द्राक्षाखालच्या दोन रेघांसकट.

काँगचा पुढचा साइज घ्यायचा का तोच परत घेऊ, हे तेवढं राहिलंय विचारायचं. बुंदी ४ किलो ४००, दात ४२ पूर्ण, परवाच मोजले.

तुमची,
बुंदीची ताई
(आणि आई, बाबा)