बंद घरासाठी दोन दिवस आधी या

संपादक महोदय,

गणपती जवळ आले की आरक्षणाच्या, जादा गाड्यांच्या, महामार्गावरच्या खड्ड्यांच्या बातम्या येतात. त्या हव्यातच. पण मालवण, वेंगुर्ले, देवगडला येणारा चाकरमानी शेवटी मे महिन्यापासून कुलूप लागलेल्या घरात उतरतो आणि त्या घराबद्दल कोणी लिहीत नाही. हरतालिकेच्या रात्री पोहोचायचे आणि त्याच रात्री झाडलोट, मूर्ती, माटवी (मूर्तीवर टांगायची फळापानांची चौकट) सगळे उरकायचे, ही घाई जिवावर बेतू शकते. चतुर्थीच्या निदान दोन दिवस आधी, तेही उजेडी पोहोचावे, ही कळकळीची विनंती.

दार उघडल्याबरोबर दिव्याच्या बटणाकडे हात नेऊ नये. चिऱ्याची भिंत पावसाचे पाणी शोषते, तिच्यातले बोर्ड आतून ओले राहतात आणि माळ्यावरच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असू शकतात. मेन स्विच बंद ठेवून दारे-खिडक्या उघडाव्यात, वायरमनकडून तपासून घ्यावे, मग मेन चालू करून आरसीसीबीचे (वीज गळती झाल्यास प्रवाह तोडणाऱ्या स्विचचे) टेस्ट बटण दाबावे. वीज लगेच तुटली नाही तर ते बदलल्याशिवाय पंप लावू नये. खळ्याकडेची चुडते (नारळाच्या झावळ्या) आणि चिऱ्यांचा ढीग हाताने उचलू नये. फुरसे हा विषारी साप जेमतेम हातभर लांब, जांभ्याच्या रंगात मिसळून जाणारे. पाय पडेपर्यंत दिसत नाही. दंश झालाच तर बांधणे, कापणे काही न करता, तो हात-पाय न हलवता, थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

माटवीबद्दल थोडे सविस्तर. नारळ, सुपारीचे घड, कवंडळे, आंब्याचे टाळ असा सगळा भार बहुतेक घरांत वाशांवरच येतो, तोही मूर्तीच्या नेमक्या वर. फुटक्या कौलातून गळणारे पाणी जिथे मुरते तिथे वाळवी लागते, आणि ती लाकूड आतून खाते. वरचा पापुद्रा शाबूत दिसतो. म्हणून दोऱ्या बांधण्याआधी कोयत्याच्या मुठीने प्रत्येक वासा भिंतीजवळच्या टोकापासून ठोकत जावे. भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, खाल्लेले बदबद वाजते. शंका आली तर त्या वाशाला भार न देता खालून बांबूचा टेकू देऊन माटवी त्यावर घ्यावी. फुटके कौल ओल्या छपरावर चढून बदलू नये. शेवाळावरून पाय घसरतो. शिडीवर उभे राहून आतूनच शेजारची कौले सरकवून काम भागते.

सर्वांत दुर्लक्षित ती विहीर. सार्वजनिक विहिरींत ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते, बंद घराच्या आवारातली विहीर मात्र बहुधा तशीच राहते आणि पावसाळाभर आवाराचे पाणी तिच्यात उतरत असते. मात्रा अंदाजाने घालू नये. व्यासाचा मीटरमधला आकडा त्याच आकड्याने गुणावा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि मग 785 ने गुणावे, की लिटर मिळतात. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर सुमारे 28 हजार लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम म्हणजे साधारण 70 ग्रॅम पावडर. पाणी गढूळ असेल तर एवढी पुरत नाही. पावडर कोरडी आणि नाकाला झोंबणारी हवी. दमट, वास गेलेली निरुपयोगी. बादलीत थोड्या पाण्यात कालवून बादली पाऊण भरावी, दहा मिनिटे थांबावे आणि फक्त वरची निवळ दुसऱ्या बादलीत घ्यावी. तळाचा चुना विहिरीत गेला तर पाणी जड होते. निवळीची बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली, आजूबाजूला जोरात हलवावी. हे रात्री करून सकाळी पाणी भरावे आणि पिण्याचे तरीही उकळावे.

नगरपरिषद आणि ग्रामपंचायतींनी चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात अशा घरांसाठी ताजी टीसीएल पावडर उपलब्ध करावी. आरोग्यसेवकांनी ओटी तपासणी (पाण्यात क्लोरीन उरले आहे का ते पाहणारी चाचणी) या विहिरींचीही करावी. नमुन्याला पिवळा रंग आला नाही तर त्याच दिवशी पुन्हा मात्रा द्यावी लागेल, आणि त्यासाठीही हाताशी एक दिवस उरायला हवा.

– एक वाचक, मालवण