वजन झाले, कान कुणी तपासायचे?

संपादक महोदय, स. न.

जिल्ह्यातील अंगणवाड्यांमध्ये बालकांच्या वजन-उंचीची नोंद जवळपास पूर्ण झाल्याची बातमी कालच्या अंकात छायाचित्रासह वाचली. नोंद झाली हे चांगलेच. पण मुलाचे बाकीचे कोण पाहते, हे आपल्या वार्ताहराने अधिकारी साहेबांना विचारायला हवे होते.

माझ्या नातीचे अंगणवाडीत दर महिन्याला वजन व्हायचे. माता-बाल संरक्षण कार्डावरचा ठिपका कायम हिरव्या पट्ट्यात, म्हणून ‘पोर छान आहे’ असे सांगून आम्हाला घरी पाठवायचे. मूल आवाजाकडे वळते का, शब्द बोलते का, हेही त्याच कार्डात चित्रांसह छापलेले आहे. ते आम्हाला कोणीही विचारले नाही. चौथे वर्ष लागल्यावर पुण्याला नेऊन ‘बेरा’ ही ऐकू येते की नाही हे यंत्राने पाहण्याची तपासणी केली, तेव्हा कळले की तिला जन्मापासूनच ऐकू येत नाही. बहिरेपणाचे निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्याच्या आत सुरू व्हावेत, असे डॉक्टर सांगतात. भाषा कानावर पडण्याची तिची ती वर्षे कोण भरून देणार?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन जन्मजात दोष आणि विकासातला विलंब शोधायचा असतो. आमच्याकडे पथक यायचे, दात-नखे बघायचे आणि गाडी पुढच्या गावाला निघायची.

सेविकाताईंना मी दोष देणार नाही. ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी मोबाइल ॲपमध्ये आकडे भरण्यातच त्यांचा दिवस जातो. आता तर अंगणवाडीतून घरी न्यायच्या ‘घरपोच आहारा’साठीही लाभार्थीचा चेहरा मोबाइलवर जुळावा लागतो. नेटवर्क नसले की तान्ह्या मुलांना कडेवर घेऊन बाया उन्हात ताटकळतात. हे कुणाच्या सोयीसाठी?

महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे 35 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत, हे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणामुळे आपल्याला ठाऊक आहे. मोजले, म्हणून ठाऊक आहे. ऐकू न येणारी, वेळेत न बोलणारी मुले आपल्या तालुक्यात किती, हे एकदा अधिकाऱ्यांना विचारा. अशा मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे गेल्या वर्षी अंगणवाड्यांतून किती मुले पाठवली आणि तेव्हा त्यांचे वय काय होते, तेही विचारा. मिळेल ते उत्तर पहिल्या पानावर छापा.

— एक आजी, सातारा जिल्हा