आईची औषधं, आणि ती कुणाकडून आली

श्टुटगार्ट, जर्मनी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हुरडा सुरू व्हायच्या आत तू गावाकडे जाणार आहेस असं अण्णा फोनवर म्हणाले, म्हणून घाईनं लिहितेय. या खेपेला एक जाड वही घेऊन जा आणि आईजवळ बस. तिची सगळी औषधं लिहून काढ. प्रमाण, कधी द्यायचं, कधी मुळीच नाही, आणि मुख्य म्हणजे ते तिला कुणी शिकवलं. मी फोनवर विचारते तेव्हा "त्यात काय सांगायचं, समद्यांना ठावं हाय" म्हणते आणि ज्वारीच्या भावावर जाते. तू समोर शेंगा फोडत बस. हात चालू असले की ती बोलते.

'कुणी शिकवलं' यावर माझा जोर आहे, कारण आपला सातबारा आणि जुने फेरफार काढले तर पणजोबांपासून अण्णांपर्यंत सगळे पुरुष सापडतात. आजीचं नाव त्यात नाही, तिच्या आईचं तर नाहीच. त्या बायकांकडून आपल्याला जे आलं ते आईच्या फडताळातल्या डब्यांत आहे.

घुटीचंच बघ. आजी बार्शीकडची. बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि परांड्याकडची आपली गावं निजामाकडे, म्हणून तिच्या माहेरी 'पोरगी मोगलाईत दिली' म्हणायचे. 1948 साली रझाकारांच्या भीतीनं आपल्याकडची माणसं बार्शीच्या बाजूला जात होती, तेव्हा आजीही दिवस गेलेले असताना बैलगाडीतून माहेरी गेली. थोरल्या आत्या तिथंच झाल्या. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झालं, वाट मोकळी झाली आणि आजी सासरी निघाली, तेव्हा तिच्या आईनं घुटीचा बटवा बांधून दिला. हिरडा, बेहडा, वेखंड, मुरुडशेंग, सागरगोटा, ज्येष्ठमध, हळकुंड, जायफळ, खारीक, बदाम. पुढं आजीनं तो आईला शिकवला. सहाणेवर कशाचे किती वेढे उगाळायचे ते बाळाच्या वयावर आणि पोटावर ठरायचं. मुरुडशेंग पोट दुखत असेल तरच. जायफळाचा वेढा एकच, "जास्ती झालं की पोर नुसतं पेंगतं." हे वेढे आईला तोंडपाठ आहेत आणि आपल्यापैकी कुणालाही नाहीत.

मी माझ्या बाळाला घुटी देत नाही, हे आईला माहीत आहे. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, वर्ष होईपर्यंत मध चाटवायचा नाही, असं इथले डॉक्टर सांगतात. तिकडचेही तेच सांगतात आणि ते मला पटतं. पण द्यायचं नाही म्हणून विसरायचं, हे मला मान्य नाही. पंधरा-वीस मुलं त्या सहाणेवर वाढली. त्यांची आठवण कुणीतरी ठेवायला हवी.

दगडीपाल्याची गोष्ट तू ऐकली आहेस का? मला ती गेल्या उन्हाळ्यात कळली. 1972 च्या दुष्काळात आई बारा वर्षांची होती. भूमकडच्या तिच्या माहेरी विहिरी आटल्या, जनावरं मातीमोल विकली आणि घरची सगळी माणसं खडी केंद्रावर गेली. दिवसभर खडी फोडायची आणि खायला सुकडी, नाहीतर अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. एकदा हातोडी निसटून आईचं बोट फुटलं. शेजारी बसलेल्या एका बाईनं बांधावरचा दगडीपाला तोडून आणला, पाण्यानं जखम धुतली, पाला चुरगळून रस पिळला आणि लुगड्याची चिंधी बांधली. ती बाई कुठल्या गावची, तिचं नाव काय, आईला माहीत नाही. पुन्हा कधी दिसली नाही. खुरपं लागलं, विळा लागला की आई आपल्याला दगडीपाला लावायची, तो त्या बाईचा. वहीत तेवढंच लिही: खडी केंद्रावरची बाई, 1972. मी वाचलं तर हे झाड मुळात आपल्याकडचं नाही, अमेरिका खंडातल्या उष्ण मुलखातून आलेलं तण आहे. बाहेरून आलेलं तण कुणीतरी हातात घेतलं, रस लावून पाहिला, रक्त थांबतं हे ध्यानात ठेवलं आणि पुढं सांगितलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांनी केलेलं हे काम मला फार मोठं वाटतं. लोखंड लागलं असेल तर पाला बांधूनही आई धनुर्वाताच्या सुईला सरकारी दवाखान्यात न्यायचीच, तेही लिही.

कारण आईला औषधाची हद्द कळते. ती कुठून कळली हे तिच्याकडून काढ, पण जपून विचार. तिचा धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना मृगाच्या पावसात कडब्याखालचा विंचू त्याला चावला. रात्रभर उतारा आणि मंत्र चालले. पोराला दरदरून घाम आला, हातपाय गार पडले, धाप लागली, आणि उजाडायच्या आत गेला. म्हणून दादाला विंचू चावला तेव्हा गल्लीतले सगळे मांत्रिकाकडे चला म्हणत असताना ती एकटी "गाडी काढा" म्हणून ओरडत होती. बार्शीच्या डॉक्टरांनी गोळी दिली आणि दादा वाचला. तशा विंचवावर रक्तदाबाची प्राझोसिन ही गोळी चालते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1980 च्या दशकात दाखवून दिलं. ते मूळचे जालना जिल्ह्यातले, आपल्या मराठवाड्यातले. आईला हे सांग, तिला बरं वाटेल. साप, विंचू, दूध न ओढणारं तान्हं, बाळंतिणीचं न थांबणारं रक्त आणि तीन दिवसांवर गेलेला ताप, यांना घरात हात लावायचा नाही, हा तिचा नियम वहीच्या पहिल्या पानावर हवा.

लिहूनच का ठेवायचं, तर हळदीवरून आठवलं. 1995 साली अमेरिकेत हळदीनं जखम भरते या गोष्टीचं पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. पण 'आमच्याकडे घरोघरी लावतात' एवढं सांगून भागलं नसतं, छापील पुरावे द्यावे लागले. आपल्याकडे खांदेमळणीला बैलाच्या खांद्यालाही हळद-लोणी चोळतात, पण कागदावर नसलेलं कुणाला दाखवणार?

इथं शेजारच्या म्हाताऱ्या बाई कान दुखला की कांदा चिरून, फडक्यात बांधून, कोमट करून कानावर बाहेरून ठेवतात. त्यांच्या आजीच्या हातची वही त्यांच्याकडे आहे. ती पाहिली त्या दिवसापासून मला आईची वही हवी आहे.

बिब्ब्याचं नीट विचार. काटा मोडला की चटका किती गरम, कुठल्या कातडीवर कधीच नाही, उतला तर काय लावायचं. बिब्बा फार भाजतो, यात अर्धवट लिहिलेलं धोक्याचं. गोडंबीचे लाडू, हळिवाची खीर, संधिवाताला निर्गुडीचा शेक हे सावकाश झालं तरी चालेल. झाडांची पानं-फुलं कागदात दाबून चिकटव, म्हणजे नावावरून घोळ होणार नाही.

दोन प्रती कर, एक मला पोस्टानं पाठव. आणि आजीचं माहेरचं नाव आईला विचार. लग्नात बदललेलं आपल्याला माहीत आहे, बार्शीला तिला काय म्हणून हाक मारायचे ते मला कुणीच सांगू शकलं नाही. आईलाही ठाऊक नसेल तर थोरल्या आत्यांकडे जाऊन ये. त्यांची तब्येत बरी नाही म्हणतात, तेव्हा आधी त्यांच्याकडेच जा.

अण्णांना आणि आईला शि. सा. नमस्कार. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी